सॉफ्ट पेस्टलने स्टिल लाइफ (समोर मांडलेल्या वस्तूंचं चित्र): भरताचं वांगं, केळी आणि तांब्याचा तांब्या

सॉफ्ट पेस्टल शिकायचं असेल तर हिवाळ्यात सुरू करा, जळगाव असो, धुळं असो की नंदुरबार, आपल्याकडच्या प्रत्येकाला मी हेच सांगते. हे रंग म्हणजे जवळपास कोरडी पूडच असते, आणि एप्रिल-मेच्या ४४-४५ डिग्रीत पंखा आणि कूलर बंद करून दोन तास बसणं शक्य नसतं, पंखा लावला तर पूड घरभर. हिवाळ्यात पंखा बंदच असतो, ऊन तिरपं येतं म्हणून सावल्या लांब आणि स्पष्ट पडतात, शिवाय बाजारात भरताची वांगी आलेली असतात. ही तिसरी गोष्ट तेवढीच महत्त्वाची आहे, कारण नवीन शिकणाऱ्यासाठी आपल्या हिरव्या वांग्याइतकं चांगलं मॉडेल मला दुसरं माहीत नाही. आकार सोपा, रंग फिका, वर चकाकी, आणि आठवडाभर टेबलावर ठेवलं तरी फार बदलत नाही.

आधी एक गोंधळ मिटवू. शाळेत आपण सगळ्यांनी वापरले ते ऑइल पेस्टल, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेल्यांना तर त्यांचा वाससुद्धा आठवत असेल. त्यात तेल आणि मेण असतं. सॉफ्ट पेस्टलमध्ये असतं रंगद्रव्य, थोडा खडू किंवा माती, आणि कांडी धरून ठेवण्यापुरता डिंक, एवढंच. त्यामुळे वॉटरकलरसारखा वाळल्यावर फिका पडायचा प्रश्न नाही, लावताना जो रंग दिसतो तोच राहतो, आणि तेल नाही म्हणून वर्षानुवर्षांनी पिवळाही पडत नाही. पण चिकटून राहायला त्यात फारसं काही नाही, तो कागदाच्या खरखरीत अडकून बसतो. कागद कुठला घ्यायचा, थर किती द्यायचे, बोटाने का घासायचं नाही, स्प्रे किती मारायचा, या सगळ्याचं उत्तर ह्या अडकून बसण्यात आहे. आणि हो, दोन्ही प्रकार एका चित्रात मिसळू नका, तेलकट थरावर सॉफ्ट पेस्टल धरत नाही.

खरेदी करताना डब्यावर सॉफ्ट लिहिलंय का ते नीट बघा, कारण स्टेशनरीच्या दुकानात नुसतं पेस्टल मागितलं की बऱ्याचदा ऑइल पेस्टलच समोर येतात. सुरुवातीला कॅमलचे किंवा मुंग्योचे चालतात. मुंग्योमध्ये अर्ध्या कांड्यांचे सेट मिळतात, ते घ्या, तेवढ्याच पैशात जास्त रंग हातात येतात. १२ चा सेट मात्र घेऊ नका. लहान सेटमध्ये सगळे भडक आणि मध्यम रंग भरलेले असतात, लाल, पिवळा, पोपटी, आकाशी, आणि आपल्याला खरी गरज असते ती एकदम गडद रंगांची आणि मळकट, करड्या छटांची. ४८ चा सेट असला की काम भागतं, आणि जमलं तर चार गडद कांड्या सुट्या मागवा, गडद हिरवी, गडद तपकिरी, गडद निळी, गडद जांभळी. काळी कांडी सेटमध्ये येतेच, तिचं काय करायचं ते पुढे सांगते. फळ्यावरचे रंगीत खडू वापरून बघायचा मोह होतो बऱ्याच जणांना, पण त्यात रंगद्रव्य इतकं कमी असतं की गडद येतच नाही.

डबा उघडला की पहिलं काम म्हणजे कांडीवरचं लेबल काढायचं आणि कांडी मोडायची. जीवावर येतं, माहीत आहे, पण साधारण दोन-तीन सेंटीमीटरचा तुकडा हातात असला तरच तो आडवा धरून कागदावर फिरवता येतो, आणि पेस्टलमध्ये निम्मंअधिक काम आडव्या तुकड्यानेच होतं. पूर्ण कांडी पेन्सिलीसारखी उभी धरली की माणूस रेघा ओढत बसतो.

कागदाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण बरेच जण इथेच कंटाळून सोडून देतात आणि दोष स्वतःच्या हाताला देतात. साधा ड्रॉइंग पेपर किंवा कार्डशीट गुळगुळीत असते, दुसऱ्या थरालाच रंग घसरायला लागतो. पेस्टलसाठी दात असलेला, म्हणजे खरखरीत पोताचा कागद लागतो. कॅन्सनचा मी-तांत म्हणून १६० जीएसएमचा रंगीत कागद मिळतो, त्याच्या एका बाजूला मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते आणि दुसरी बाजू बारीक पोताची, तुम्ही बारीक बाजू वापरा, जाळीवाल्या बाजूला ती ठिपक्यांची नक्षी चित्रातून डोकं वर काढत राहते. हा कागद मिळाला नाही किंवा सरावाला महाग वाटला तर हार्डवेअरच्या दुकानात जा आणि वॉटर पेपर मागा, गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगवाले वापरतात तो, ४०० किंवा ६०० नंबरचा. पेस्टल त्याच्यावर जे काही धरतं ना, थरावर थर, बघत राहावं. दोन गोष्टी लक्षात ठेवा, हा कागद वर्षानुवर्षं टिकेल असा नसतो म्हणून सरावालाच वापरायचा, आणि त्याच्यावर बोट घासलं तर कातडं निघतं. बोटाने घासायची सवय मोडायला तो असाही उपयोगी पडतो.

पांढरा कागद टाळा. मध्यम करडा किंवा मातकट तपकिरी घ्या. पांढऱ्यावर कुठलाही रंग गडद वाटतो, आणि चकाकीसाठी फिका रंग ठेवला तर दिसतच नाही. करड्यावर गडदही कळतो, उजेडही कळतो, आणि जिथे जिथे तुम्ही काहीच लावत नाही तिथेही कागद आपलं काम करत असतो.

कागद बोर्डावर मास्किंग टेपने लावताना खाली वर्तमानपत्राची तीन-चार पानं घाला, म्हणजे बोर्डाचे खड्डे-ओरखडे रंगात उमटत नाहीत. बोर्ड उभा ठेवा, वरची कड किंचित तुमच्याकडे झुकलेली असली तर उत्तमच, पडणारी पूड चित्रावर न सांडता सरळ खाली जाते. खाली एक कागद दुमडून पन्हाळीसारखा लावा, सगळी पूड त्यात जमा होते.

आता मांडणी. टेबलावर मांजरपाटाचा एक तुकडा टाका, नक्षीची चादर किंवा गोधडी नको, ती पुढे कधीतरी. त्यावर मागे तांब्याचा एक तांब्या, त्याच्या पुढे जरा बाजूला एक मोठं भरताचं वांगं देठासकट, आणि दोन केळी फणीला जोडलेली. बस एवढंच. यावल-रावेर-सावद्याकडच्यांना केळीचं काय सांगायचं, पण चित्रासाठी अजून टोकाला हिरवटपणा असलेली निवडा. पिवळी धमक केळी आपल्याकडच्या हवेत दोन दिवसांत ठिपके धरते आणि तुमचं चित्र अर्ध्यावर असताना मॉडेलच बदलून जातं. मांडणी झाली की मोबाईलवर एक फोटो काढून ठेवा, त्याच्यावरून चित्र काढायला नाही, कोणी टेबल हलवलं तर परत तसंच लावता यावं म्हणून. वस्तू एकमेकांपासून सुट्या सुट्या ठेवू नका, वांग्याने तांब्याचा थोडा भाग झाकला पाहिजे, केळीचं टोक वांग्याच्या सावलीत गेलं पाहिजे, मग डोळा एका वस्तूवरून दुसरीवर सहज जातो. आणि तांब्या बरोबर मधोमध नको.

उजेड एकाच बाजूने हवा. हे सगळ्यात महत्त्वाचं. उत्तरेकडची खिडकी असेल तर नशीबवान, दिवसभर उजेड फारसा बदलत नाही. दक्षिणेची असेल तर हिवाळ्यात ऊन आत येतं आणि कवडसा सरकत राहतो, तेव्हा खिडकीला पातळ पांढरा कपडा लावा किंवा रोज ठराविक तासालाच बसा. जुन्या धाब्याच्या घरात राहत असाल तर झरोक्याखाली मांडणी ठेवून बघा, वरून येणारा एकच उजेड आणि बाकी खोली अंधारी, तांब्या काय दिसतो त्या उजेडात! पण तिथे थेट उन्हाची तिरीप पडायची वेळ टाळा. खोलीतली ट्यूबलाइट बंद ठेवा, नाहीतर प्रत्येक वस्तूला दोन दोन सावल्या पडतात आणि कुठली खरी धरायची ते कळत नाही. सावल्या विस्कटलेल्या वाटल्या तर मोठा पुठ्ठ्याचा खोका एका बाजूने कापून त्याच्या आत मांडणी करा, तीन बाजूंचा फालतू उजेड अडतो.

उजेडासाठी वस्तू कशा मांडायच्या हे ज्यांना मनापासून शिकायचंय त्यांनी चाळीसगावला जाऊन केकी मूस यांचं कलादालन बघावं. ते फोटोग्राफर होते, आयुष्यातली कितीतरी वर्षं चाळीसगावच्या आपल्या बंगल्याबाहेर जवळपास पडलेच नाहीत, १९८९ मध्ये गेले. त्यांची टेबलटॉप फोटोग्राफी म्हणजे टेबलावर छोट्या छोट्या वस्तू मांडून, उजेड हवा तसा पाडून उभं केलेलं अख्खं दृश्य. माध्यम कॅमेऱ्याचं असलं तरी आधी उजेड ठरवायचा आणि मग वस्तू हलवायच्या हा विचार पेस्टलवाल्यालाही तेवढाच लागतो, आणि तो आपल्या खान्देशात, रेल्वेने जाता येईल अशा गावात बघायला मिळतो. मी तर म्हणेन पहिली कांडी मोडायच्या आधी एक चक्कर मारून या.

रेखाटन पेन्सिलने करू नका. शिशाची रेघ गुळगुळीत असते, तिच्यावर पेस्टल बसत नाही आणि ती चमकत राहते. बारीक कोळसा किंवा एखादी जरा कडक, कागदाच्या जवळच्या रंगाची कांडी घ्या आणि हलक्या हाताने मोठे आकार तेवढे टाका. तांब्याच्या तोंडाचा लंबगोल मात्र वेळ देऊन काढा, तो चुकला की पुढे कितीही सुंदर रंगवा, तांब्या कलंडलेलाच दिसणार. मधून एक उभी रेघ टाका, डावी-उजवी बाजू त्या रेघेपासून सारखी आहे का ते बघा, आणि लंबगोलाच्या दोन्ही टोकांना कोपरे पाडू नका, तिथेही वळणच असतं. तळाचा गोल तोंडापेक्षा जास्त उघडा दिसतो कारण तो डोळ्यापासून जास्त खाली असतो. केळीला गोल वळणाने काढू नका, केळीला धारा असतात, ते सपाट पट्टे एकमेकांना कोनात जोडलेले आहेत असं समजून सरळ सरळ रेषांनी काढा, मग रंग भरताना प्रत्येक पट्ट्याला वेगळी छटा देणं सोपं जातं.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसले ती. रंग लावायच्या आधी उजेड-अंधार लावा. डोळे बारीक करून मांडणीकडे बघा, इतके बारीक की देठावरचे काटे, तांब्यावरचे पोचे काही दिसणार नाही, फक्त तीन-चार मोठे डाग दिसतील. सगळ्यात गडद कुठे आहे? बहुतेक तांब्याची सावलीतली बाजू आणि वांग्याच्या बुडाखालची फट. सगळ्यात उजळ कुठे? वांग्याची वरची बाजू आणि उजेडातलं मांजरपाट. बाकी सगळं मधलं. हे तीन गट आडव्या तुकड्याने, हलक्या हाताने, सपाट भरून घ्या, वस्तूंच्या कडा ओलांडून गेलं तरी चालतं. गडद गट आधी, मग मधला, उजळ शेवटी आणि तोही अगदी फिका नाही. पेस्टलमध्ये गडदवरून उजळाकडेच जायचं, कारण फिक्या कांडीत पांढरं भरपूर असतं, त्याच्यावर गडद लावायला गेलं की दोन्ही मिळून पिठूळ होतं.

इथे मोबाईल पुन्हा काढा. मांडणीचा आणि तुमच्या चित्राचा, दोन्हींचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो घ्या आणि शेजारी शेजारी ठेवा. पिवळा रंग फसवतो, सावलीतली केळीसुद्धा आपल्याला पिवळीच वाटते म्हणून आपण तिथे उजळ पिवळा लावतो, आणि फोटोत बघितलं तर ती बाजू तपकिरी मातीएवढी गडद असते. हे एकदा डोळ्याने बघितलं की आयुष्यभर विसरत नाही. उजेड-अंधार बरोबर असेल तर रंग थोडेफार इकडचे तिकडे झाले तरी चित्र उभं राहतं, उलटं होत नाही.

मग ती काळी कांडी? सावलीसाठी तिला हात लावू नका. पिवळ्यावर काळा घातला की शेवाळी हिरवा होतो आणि केळी सडकी दिसते. केळीच्या सावलीसाठी मातकट पिवळा, त्यावर तपकिरी, आणि सगळ्यात अंधाऱ्या पट्ट्यात जांभळ्याचा हलका हात. रंगचक्रात जांभळा पिवळ्याच्या समोरचा रंग आहे, तो पिवळ्याला मारत नाही, शांत करतो. उजेडाच्या पट्ट्याला लिंबासारखा फिका पिवळा, पण फक्त वरच्या एका पट्ट्यालाच. टोकाकडचा हिरवटपणा सुटू देऊ नका, त्याच्यामुळेच ती ओळखीची केळी वाटते.

वांग्यावर मी सगळ्यात जास्त रमते. बामणोदकडचं भरताचं वांगं बघा, ते हिरवं म्हणावं तर हिरवं नाही, फिकट पिवळसर हिरवं, बुडाकडे पांढरट होत गेलेलं, २०१६ मध्ये जळगावच्या भरताच्या वांग्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा सगळ्यांनी चवीचं कौतुक केलं पण रंगाबद्दल कोणी बोललं नाही. सेटमधला कुठलाच हिरवा त्याला जुळणार नाही आणि जुळवत बसूही नका. आधी ऑलिव्हसारखा मळका हिरवा सगळीकडे, मग उजेडाच्या बाजूला फिका पिवळा आणि फिका हिरवा एकमेकांशेजारी तिरक्या रेघांनी, वांग्याच्या फुगवट्याबरोबर वळवत वळवत. सावलीच्या बाजूला गडद हिरवा, त्यात थोडा निळा, आणि अगदी खालच्या कडेला जिथे मांजरपाटाचा उजेड परत वर येतो तिथे एक मंद उबदार छटा. ही परत आलेल्या उजेडाची पट्टी बघायला शिका, वस्तू गोल वाटते ती हिच्यामुळे, पण ती कायम उजेडाच्या बाजूपेक्षा गडदच ठेवायची. तांब्याच्या बाजूचा जो भाग आहे तिथे तर नारिंगी झाक दिसेल, ती घाबरत घाबरत का होईना लावा, हिरव्यावर नारिंगीचे दोन हात पडले की वांगं आणि तांब्या एकाच टेबलावर आहेत हे पटतं.

तांब्याला एकच रंग नसतोच. गडद तपकिरी-लाल, जांभळट, मग विटकरी, मग नारिंगी, आणि मध्येच पिवळा कारण केळी त्यात दिसतेय, खाली पांढरट कारण कापड दिसतंय. धातूमध्ये गडद आणि उजळ एकदम शेजारी शेजारी येतात, मध्ये हळूहळू बदल होत नाही, तसेच ठेवा, मिसळायला जाऊ नका. तांब्या चिंचेने घासून लख्ख करू नका बरं का, थोडा काळपटलेला असला की प्रतिबिंबं कमी असतात आणि नवीन माणसाला झेपतं.

मांजरपाटाच्या सावलीला करडा लावला की ती मेल्यासारखी दिसते. निळसर, जांभळट, वस्तूच्या अगदी जवळ उबदार आणि गडद, लांब जाईल तशी फिकी आणि कड विरघळलेली.

आता बोटाबद्दल. पेस्टल हातात आलं की पहिली इच्छा होते ती बोटाने फासायची, लगेच गुळगुळीत होतं, छान वाटतं. पण घासलं की काय होतं, कागदाच्या खाचा पूडने बुजून जातात, पुढचा थर धरत नाही, आणि रंगाचे कण सपाट होऊन त्यांच्यावरचा तो मखमली उजेड जातो. दोन रंग मिसळायचे असतील तर एकावर दुसरा हलक्या रेघांनी ठेवा, खालचा थोडा दिसू द्या, मिसळायचं काम बघणाऱ्याचा डोळा करतो. शार्दँचं उदाहरण घ्या. फळं आणि भांडी रंगवण्यात ज्याचा हात कोणी धरला नाही तो फ्रेंच चित्रकार, डोळ्यांना त्रास व्हायला लागल्यावर १७७० च्या दशकात तैलरंग सोडून पेस्टलकडे वळला. त्याने पेस्टलमध्ये केलेली स्वतःच्याच चेहऱ्याची चित्रं पॅरिसच्या लूव्हरमध्ये आहेत, नेटवर मोठी करून बघा, चेहऱ्यावर सरळ सरळ रेघा दिसतात, त्वचेत हिरवट निळ्या छटा आहेत, आणि चार पावलं लांबून सगळं एकजीव. लिओटार नावाचा स्विस चित्रकारही बघा, त्याने १७८२ मध्ये, ऐंशीच्या घरात असताना पेस्टलने फळांची चित्रं केली, तो मात्र अगदी गुळगुळीत काम करणारा. म्हणजे घासणं हे पाप नाही, मागच्या भिंतीसाठी पहिल्या थरात मीसुद्धा कापडाने पुसून घेते, पण वस्तूंवर नको, आणि शिकताना तर अजिबात नको.

चार-पाच थरांनंतर एखाद्या जागी कांडी नुसती घसरायला लागली तर समजा खाचा भरल्या. तिथे दाबून लावू नका. कडक केसांचा कोरडा ब्रश, तैलरंगाचा असतो तो, घ्या आणि ती जागा हलकेच झाडून काढा, पूड खाली पडू द्या, कागद परत रंग धरतो. चुकलेला भागही असाच काढायचा, रबराने घासलं तर डाग आत बसतो. मळून मऊ होणारं रबर असेल तर ते दाबून उचलायचं, घासायचं नाही.

पूड. याबद्दल कडक राहा. फुंकर मारायची नाही, कधीच नाही, काही रंगद्रव्यं श्वासातून आत गेली तर अपायकारक असतात आणि बारीक धूळ तर कुठलीच चांगली नाही. बोर्ड मागून हलकेच टिचकी मारून खालच्या पन्हाळीत पूड पाडा, जमल्यास अंगणात जाऊन. काम झालं की फरशी केरसुणीने झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. मास्क लावा, मध्ये चहा-बिस्कीट नको, हात धुऊनच उठायचं. लहान मुलं घरात रांगत असतील तर जागा वेगळी करा. मांडणीतलं वांगं आणि केळी बोर्डापासून लांब ठेवा, आणि ज्या वांग्यावर आठवडाभर पूड उडाली ते भाजून भरीत करायला घेऊ नका, भरताचं वांगं वेगळं आणा.

हातातल्या कांड्या थोड्याच वेळात सगळ्या एकाच करड्या रंगाच्या दिसायला लागतात. एका डब्यात जाड रवा किंवा तांदूळ घ्या, त्यात तुकडे टाका, झाकण लावून हलक्या हाताने हलवा, वरची मळकट पूड रव्याला लागते आणि कांड्या स्वच्छ निघतात. तो रवा मग फेकून द्या. कांड्या ठेवताना लाल-हिरवा-निळा असं लावण्यापेक्षा गडद एका खणात, मध्यम दुसऱ्यात, फिके तिसऱ्यात असं लावा, हात आपोआप बरोबर उजेडाकडे जातो.

शेवटच्या अर्ध्या तासात सगळ्यात मऊ कांड्या वापरायच्या, कडक आधी आणि मऊ शेवटी असा साधा क्रम ठेवा. आता कडा बघा. सगळ्या कडा सारख्या धारदार असतील तर चित्र कात्रीने कापून चिकटवल्यासारखं दिसतं. वांग्याची उजेडातली कड मागच्या अंधारावर स्पष्ट ठेवा, सावलीतली कड मागच्या रंगात हरवू द्या. मग चकाकी. वांग्यावरची चकाकी पांढरी नसते, खिडकीतून आभाळ दिसतंय ना, ते असतं तिथे, म्हणून फिक्यात फिका निळा घ्या आणि एकदाच, दाबून, ठामपणे ठेवा. परत हात लावू नका. तांब्यावरची चकाकी फिकी गुलाबी-पिवळट. आख्ख्या चित्रात अशा ठाम चकाक्या तीन-चारच असाव्यात, आणि त्यातली एकच सगळ्यात उजळ.

फिक्सेटिव्हचा, म्हणजे पूड कागदावर धरून ठेवणाऱ्या द्रावणाचा स्प्रे मारायचा की नाही यावर पेस्टलवाल्यांची मतं वेगवेगळी आहेत. मी मधल्या थरांनंतर एक हलका हात मारते आणि शेवटचे उजळ रंग त्यानंतर लावते, मग वर काहीच मारत नाही. कारण फिक्सेटिव्हने रंग गडद होतात, फिके रंग तर जास्तच, आणि इतक्या मेहनतीने ठेवलेली चकाकी बसून जाते. मारायचाच असेल तर बाहेर ओट्यावर, वारा नसताना, हातभर अंतरावरून, आणि आधी एका रद्दी कागदावर, कारण पहिल्या दाबाला थेंब उडतात. डबा उन्हात किंवा गाडीत ठेवू नका, त्याच्यावर ५० डिग्रीच्या वर नेऊ नका असं लिहिलेलं असतं आणि मे महिन्यात आपल्याकडे बंद गाडीत तेवढं सहज होतं.

चित्र झालं की त्याच्यावर ग्लासिन, म्हणजे पातळ गुळगुळीत कागद ठेवून चारही बाजूंनी टेप लावा आणि आडवं ठेवा, गुंडाळी करू नका. फ्रेम करायची असेल तर फ्रेमवाल्याला दोन गोष्टी आधीच सांगा. एक, काच चित्राला टेकता कामा नये, मध्ये माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट हवीच आणि माउंटच्या खाली आणखी एक पातळ पट्टी दिली तर उत्तम, म्हणजे पुढे थोडी पूड गळली तरी ती माउंटच्या मागे पडते, पुढे दिसत नाही. दोन, काचच लावा, अ‍ॅक्रिलिकची शीट नको, तिच्यात स्थिर वीज तयार होते आणि ती रंगाचे कण ओढून घेते. भिंत निवडताना कूलरच्या समोरची आणि पावसाळ्यात ओल येणारी सोडून द्या.

हे जमलं की पुढची मांडणी म्हणून नंदुरबारच्या वाळलेल्या लाल मिरच्या घ्या, पितळी परातीत, मागे गडद निळं कापड. तिथे आख्खं चित्र एकाच रंगाचं असतं, लालाचेच गडद, विटकरी, जांभळट, नारिंगी आणि चकाकीचा फिका गुलाबी, आणि परातीची कड त्या लालात कुठे हरवते, कुठे परत सापडते ते शोधायचं. मिरच्या बोर्डाच्या जवळ नको, आणि परत उचलताना मास्क लावलेलाच असू द्या.